दूध-तुपाशिवाय चवीचा स्वयंपाक: सुरुवात भाजण्यापासून

"दूध नाही, दही नाही, तूप नाही, मग खायचं तरी काय?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, काल रात्री तुमच्याकडे काय केलं होतं? उत्तर येतं, मटकीची उसळ आणि भाकरी. किंवा पिठलं-भात. किंवा भरली वांगी, आमटी आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी. यात दूध कुठे आहे? आपल्या साध्या घरांतलं रोजचं ताट बव्हंशी शेतातून आणि झाडावरूनच येतं. तूप भातावर वरून पडतं, दही कोशिंबिरीत येतं, ताक शेवटी येतं आणि दूध चहात जातं. बदलायच्या जागा एवढ्याच.

माझ्या सुनेनं लग्नाआधीपासूनच दुधाचे पदार्थ सोडलेले आहेत. ती घरात आली तेव्हा मी सोयाचं दूध, काजूचं चीज असली काही खरेदी केली नाही. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर खावं. पण रोजचा स्वयंपाक अशा वस्तूंवर उभा केला तर तो महाग होतो, आणि घरातल्या बाकीच्यांना परका वाटतो. मी फक्त एवढं बघितलं, की तूप काढल्यावर ताटातून नेमकं काय जातं. दोन गोष्टी जातात, खमंग वास आणि जिभेवर रेंगाळणारा स्निग्धपणा. दोन्ही परत मिळवता येतात, आणि त्याचा रस्ता भाजण्यातून जातो. दाणे, तीळ, खोबरं, कांदा, पीठ, जे काही भाजायचं ते धीरानं, पूर्ण भाजलं की ताटात कमी काही वाटत नाही. घाईत भाजलं तर वरून कितीही मसाले ओता, भाजी पांचटच लागते.

माझं माहेर बार्शीचं, सासर गुहागरचं. माहेरी सुकं खोबरं, तीळ, शेंगदाणे, काळा मसाला आणि करडईचं तेल. सासरी ओला नारळ, आमसुलं, कुळीथ, वाल. दोन्हीकडे तूप सणावारापुरतंच असायचं, तरी जेवण रुचकर व्हायचं. खाली जे सांगते आहे ते या दोन चुलींवर शिकलेलं आहे.

भाजायचं म्हणजे किती

लोणी कढवताना खाली बसलेली बेरी तांबूस होते, तेव्हा घरभर वास सुटतो. तुपाच्या त्या खमंगपणाचा मोठा वाटा त्या तांबूस होण्यातच असतो. उष्णतेनं पदार्थातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळतात, रंग येतो आणि नवे वास तयार होतात. याला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. शेंगदाणा भाजताना, कांदा तांबूस करताना, भाकरीला डाग पडताना हेच होतं. म्हणजे तुपातली जी गोष्ट आपल्याला आवडते ती कढईत दाण्यांतूनही काढता येते.

शेंगदाण्यांना जाड बुडाची किंवा लोखंडी कढई घ्या आणि आच मंद ठेवा. एक वाटी दाण्यांना 10 ते 12 मिनिटं लागतात. साल चोळल्यावर सहज सुटली आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की झालं. बाहेरून काळे ठिपके आणि आतून कच्चा, असं झालं तर आच मोठी होती. गॅस बंद केल्यावर दाणे गरम कढईत ठेवू नका, ते आतून भाजत राहतात. लगेच ताटात पसरा.

तीळ 3-4 मिनिटांत होतात. फुगून तडतडायला लागले की काढायचे. त्यापुढे गेले की कडू होतात, आणि तो कडवटपणा गुळानंही जात नाही. किसलेलं सुकं खोबरं त्याहून नाजूक. हात सतत हलता हवा आणि रंग सोनेरी झाला की बाहेर. म्हणून तीळ, खोबरं, दाणे कधीच एकत्र भाजू नका. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. एकत्र टाकले की एक जळतो आणि एक कच्चा राहतो.

कांद्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून, दोन चमचे तेलात, चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर ठेवले की किमान 15 मिनिटं. आधी पाणी सुटतं, मग कांदा मऊ होतो, मग गुलाबी. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. कडा तपकिरी व्हायला हव्यात, कढईच्या तळाला थोडं चिकटायला हवं. चिकटलेलं चमचाभर पाण्यानं सोडवून त्याच कांद्यात मिसळा, सगळी चव तिथेच असते. वेळ असेल तर एक कांदा सालासकट थेट गॅसच्या आचेवर भाजून, वरचं काळं काढून वाटणात घाला. धुराचा तो वास रश्श्याला कुठल्याही मसाल्यापेक्षा जास्त उठाव देतो.

पावडर मसाल्यांना मात्र उलट वागवायचं. लाल तिखट आणि हळद तेलात सेकंदात जळतात. तेल तापलं की गॅस बंद करा, तिखट घाला, ढवळा आणि लगेच दोन चमचे गरम पाणी टाका. रंग तेलात उतरतो आणि रश्श्यावर लालभडक तवंग येतो. पाणी थंड टाकलं तर तवंग नीट येत नाही. रश्श्यात वरून घालायचं पाणीही म्हणूनच नेहमी उकळतं हवं.

एक आमटी पूर्ण करून बघा

वाघ्या घेवडा घ्या. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचं हे पीक, याला भौगोलिक मानांकनही आहे. दाणा राजम्यापेक्षा लहान, अंगावर रेघा, आणि शिजल्यावर आत लोण्यासारखा मऊ. न मिळाला तर राजमा किंवा चवळी चालेल, पण एकदा तरी शोधून आणा.

एक वाटी घेवडा रात्रभर भिजवा. सकाळी भिजवलेलं पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात, मीठ न घालता कुकरला 4 शिट्ट्या करा. दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. राजमा-घेवडा कचवट खाल्ला तर पोट चांगलंच बिघडतं, त्यामुळे इथे घाई नको. कडक वाटला तर आणखी दोन शिट्ट्या. कुकरमधलं शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, तोच आमटीचा जीव आहे.

वाटणाला दोन कांदे वर सांगितल्याप्रमाणे तांबूस भाजलेले, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप सोनेरी भाजलेले, एक चमचा भाजलेले तीळ, 8-10 लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि मूठभर कोथिंबीर, देठांसकट. लसूण-आलं कांदा भाजत आला की शेवटची दोन मिनिटं त्यात टाकायचं. सगळं गार झाल्यावर थोड्याच पाण्यात अगदी बारीक वाटा.

आता कढईत तीन मोठे चमचे तेल. तुम्हाला जास्त वाटेल, पण इथे तूपही नाही, मलईही नाही, आणि चार-पाच जणांत वाटलं जाणार आहे. मोहरी, हिंग, कढीपत्ता. मग वाटण घालून मंद आचेवर परता. आधी ते फटफट उडेल, मग घट्ट होईल, मग कडेनं तेल सुटायला लागेल. तेल सुटलेलं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. 7-8 मिनिटं जातात. मग दोन चमचे कांदा-लसूण मसाला, पाव चमचा हळद, लगेच घेवड्याचं गरम पाणी, मग घेवडा. घेवड्याचेच दोन-तीन चमचे दाणे डावेनं चिरडून घाला, आमटी मिळून येते. मीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा निम्मा कोळ, सुपारीएवढा गूळ. मंद आचेवर 10 मिनिटं उकळू द्या आणि गॅस बंद करून झाकून आणखी 10 मिनिटं ठेवा. ही आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे पाहुणे असतील तर आदल्या रात्रीच करते.

हेच वाटण मटकीला चालतं, फ्लॉवर-बटाट्याला चालतं, मसूर-अख्ख्या हरभऱ्याला चालतं. एकदा हात बसला की आठवड्याच्या चार भाज्या यातूनच निघतात.

बार्शीकडे आमटी दाट करायला येसर असतं. ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, गहू असं धान्य खमंग भाजून मसाल्यांबरोबर दळलेलं पीठ. लग्नकार्यात येसराची आमटी व्हायची. चमचाभर येसर थोड्या पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात सोडलं की अंग येतं आणि चवही येते. रश्श्यात मलई घालायची सवय असलेल्यांनी हे जरूर करून बघावं.

आंबट आणि गोड

पुष्कळ वेळा भाजीत काहीतरी कमी आहे असं वाटतं आणि आपण मीठ नाही तर तिखट वाढवतो. खरं तर कमी असतो आंबटपणा. दही-ताक गेल्यावर ताटातली आंबट चव बरीचशी जाते, ती जाणूनबुजून परत आणावी लागते. चिंच खोल आंबट, आमसूल स्वच्छ, लिंबू वरवरचं आणि ताजं, टोमॅटो सौम्य. कैरीच्या दिवसांत कैरी, पावसाळ्यात अळूच्या फदफद्यात आंबट चुका. एकाच आमटीत दोन घालायचा मोह टाळा.

वेळ महत्त्वाची आहे. डाळ किंवा कडधान्य मऊ शिजल्यावरच चिंच-टोमॅटो घालायचं. आधी घातलं तर आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही, तासभर शिजवत बसाल. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळायचं.

किती घालायचं हे कळत नसेल तर आमटी वाटीत चार चमचे काढा, त्यात दोन थेंब लिंबू टाका आणि चाखा. चव उघडली तर पातेल्यात आंबट हवं आहे. नाही उघडली तर चिमूटभर मीठ टाकून परत चाखा. मग गुळाचा कण. कमी काय आहे ते वाटीतच कळतं आणि पातेलं बिघडत नाही.

या आंबट-गोड-तिखटाचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे सणाचं पंचामृत. हिरवी मिरची, दाणे, तीळ, खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ, गोडा मसाला. एक चमचा पानात वाढला तरी साधा वरण-भात सणाचा होतो.

तुपाच्या जागी काय

गरम भातावर वरण आणि तूप, हा सगळ्यात अवघड मुद्दा. लोक इथेच अडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

वाटीभर तुरीची डाळ कुकरला लावताना पाण्यात हिंग, हळद आणि चमचाभर तेल घाला. शिजल्यावर रवीनं पूर्ण घोटा, पाणी बेताचं ठेवा, मीठ आणि गुळाचा लहान खडा घाला. पातळ, न घोटलेल्या वरणाला स्निग्धपणा कुठून येणार? मग वाढताना दोनपैकी एक करा. एक, घाण्याचं शेंगदाणा तेल चमचाभर गरम करून त्यात लसणाच्या चार पाकळ्यांचे काप तांबूस होईस्तोवर तळायचे आणि ती चरचरीत फोडणी थेट भातावरच्या वरणावर सोडायची. दोन, लिंबू पिळायचं आणि वर भाजलेल्या तिळाचं कूट भुरभुरायचं. माझ्या सुनेला दुसरं आवडतं, माझ्या नवऱ्याला पहिलं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात स्वयंपाकाला खोबरेल सर्रास वापरतात. त्याचा वास आवडत असेल तर वरणावर अर्धा चमचा तेही छान लागतं.

भाकरीवर लोणी घेणाऱ्यांसाठी सोलापूरकडची शेंगाची चटणी आहे. दोन वाट्या भाजलेले, सोललेले दाणे, 12-15 लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन ते तीन चमचे लाल तिखट, मीठ. खलबत्त्यात आधी लसूण, जिरं, तिखट, मीठ कुटून घ्या, मग दाणे थोडे थोडे टाकत कुटा. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, लालसर होते. ते तेल सुटणं हीच या चटणीची ओळख. मिक्सरमध्ये करायची तर बटण एकसारखं चालू ठेवू नका, थांबून थांबून फिरवा आणि मधे चमच्यानं खालवर करा. गरम ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी आणि वर कच्चं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल. लोणी मागणारं माणूस मी अजून पाहिलं नाही.

जवस, कारळे यांच्या चटण्याही अशाच भाजून-कुटून ठेवाव्यात. एका वेळी तीन चटण्या करून ठेवल्या तर नुसती भाकरीसुद्धा जेवण होते.

दही-ताकाच्या जागी

दह्याची नक्कल करत बसू नका. त्यापेक्षा जे मुळातच दह्याशिवायचं आहे ते आणा. खमंग काकडी घ्या: काकडी कोचून, हातानं हलकं पिळून, त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, साखर, मीठ आणि वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची तेलातली फोडणी. मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं. गाजर, कोबी, मोड आलेले मूग, सगळ्यांना हीच रीत.

ताकाच्या जागी सोलकढी. एका नारळाचा चव, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, कोमट पाण्यात, दोन पाकळ्या लसूण, एक लहान हिरवी मिरची आणि अर्धा चमचा जिऱ्याबरोबर वाटून स्वच्छ कापडातून पिळा. चोथा परत वाटून दुसरं, पातळ दूध काढा आणि दोन्ही एकत्र करा. 7-8 आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून ते पाणी त्यात मिसळा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर त्यात मीठ असतं, म्हणून आधी आगळ घाला, चाखा, मगच मीठ. ही कढी गरम करायची नाही आणि उद्यासाठी ठेवायची नाही, नारळाचं दूध लवकर आंबतं.

नारळाचं दूध गरम पदार्थात वापरताना एक लक्षात ठेवा. पातळ दुधात शिजवा, दाट दूध शेवटी घाला, आणि त्यानंतर खळखळून उकळी येऊ देऊ नका, फुटतं. कुळीथ शिजवून त्याचं पाणी काढून, त्यात नारळाचं दूध घालून कोकणात कळण करतात. सर्दीच्या दिवसांत गरम कळण आणि भात यापेक्षा जास्त जिवाला बरं वाटणारं मला काही माहीत नाही.

झटपट जेवण

कामावरून थकून आलेल्या माणसाला वाटण-घाटण सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी कुळथाचं पिठलं. कुळीथ भाजून दळलेलं पीठ आणलं तर भाजण्याचं काम आधीच झालेलं असतं. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण पाच-सहा पाकळ्या, हिरवी मिरची, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद, मग अडीच वाट्या पाणी, मीठ, तीन आमसुलं. पाण्याला उकळी आली की चार मोठे चमचे पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून, एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं सोडा. मंद आचेवर 7-8 मिनिटं. पिठलं गार होताना दाटतं, म्हणून गॅसवर असताना थोडं सैलच ठेवा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. सोबत भात आणि भाजलेला पापड.

कुळीथ नसेल तर बेसनाचं करा, पण बेसन आधी कोरडंच 5-6 मिनिटं मंद आचेवर भाजून घ्या. कच्च्या बेसनाचं पिठलं आणि भाजलेल्या बेसनाचं पिठलं ही दोन वेगळी जेवणं आहेत.

सण आणि गोडधोड

सणाला अडेल असं वाटतं, पण आपले काही सण या स्वयंपाकाला अगदी अनुकूल आहेत. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी बघा: वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, बोरं, आणि तिळाचं व दाण्याचं भरपूर कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. थंडीतला सगळा स्निग्धपणा तिळातून येतो. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, भोपळा, दोडका, मका नुसते एकत्र शिजतात आणि ताज्या भाजीची स्वतःची चव काय असते ते कळतं.

होळीची पुरणपोळी तेलावर भाजा आणि नारळाच्या गोड दुधाबरोबर खा. कोकणात ती पद्धत आहेच. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी म्हणजे कट, त्याची आमटी तर वेगळं काही न करताच वनस्पतींचीच असते. मालवणकडचे शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात. खीर करायची तर तांदूळ किंवा दलिया पातळ नारळाच्या दुधात शिजवा, गूळ घाला, शेवटी दाट दूध. गाईच्या दुधात गूळ घातला की ते नासायची भीती असते, इथे ती भीती नाही. शिरा मात्र रवा तेलात, अगदी मंद आचेवर, निदान 15 मिनिटं भाजूनच करा. तूप नसताना रव्याचा खमंगपणा हाच आधार आहे.

चहाचं काय, हा प्रश्न राहतोच. दूध बदलून तोच चहा मिळत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. आमच्याकडे सून गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा चहा घेते, आम्ही आमचा घेतो. दोन पातेली लागतात, त्याचं काही ओझं होत नाही.

तब्येतीचं आणि बाजाराचं

ब 12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूधही सोडलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासा आणि गोळी घ्या. चवीचा स्वयंपाक हा त्याला पर्याय नाही, हे मी सुनेला पहिल्याच महिन्यात सांगितलं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ नेमानं खावेत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. डाळ किंवा कडधान्य दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या, नुसत्या पालेभाजी-पोळीवर भागवू नका.

बाहेरून बिस्किटं, ब्रेड, फरसाण आणताना पाकिटामागचं वाचा, दुधाची पावडर अनपेक्षित ठिकाणी सापडते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं 2022 मध्ये व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, अन्नासाठी नियम केले, तेव्हापासून काही पाकिटांवर हिरव्या रंगातलं व्ही अक्षराचं चिन्ह दिसतं. शाकाहाराचा नेहमीचा हिरवा ठिपका वेगळा; त्यात दूध चालतं.

आठवड्याची तयारी

ज्यांना नव्यानं सुरुवात करायची आहे त्यांनी घरात काही जाहीर करू नये. "आजपासून तूप बंद" म्हटलं की जेवायला बसण्याआधीच तोंडं उतरतात. आठवड्यातून दोन दिवस नुसती घेवड्याची आमटी, खमंग काकडी, शेंगाची चटणी आणि भाकरी वाढा. कुणी विचारणारही नाही.

सुट्टीच्या दिवशी दोन तास काढून चार गोष्टी करून ठेवा. अर्धा किलो दाणे भाजून त्यातल्या निम्म्यांचं कूट. कांदा-खोबऱ्याचं वाटण दुप्पट-तिप्पट प्रमाणात. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून मोड. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी बंद डब्यात ठेवून तो डबा उबदार जागी ठेवा. आणि चिंचेचा कोळ उकळून, गार करून बाटलीत. वाटण फ्रीजमध्ये 4-5 दिवस राहतं. त्याहून जास्त ठेवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा आणि गोठल्यावर वड्या पिशवीत काढा. चार माणसांच्या उसळीला चार वड्या पुरतात. वड्या वितळवत बसायची गरज नाही, फोडणीत थेट टाका, मंद आच ठेवा, आणि तेल सुटेपर्यंत परता.